सोयरे सीमेपलीकडचे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाची वस्ती एकच नाही. बोरघाटाच्या रेल्वेमार्गावरच्या एका केबिनचंही तेच नाव आहे. अशा एखाद्या वाडीतला मुलगा पोलिसांत, रेल्वेत किंवा निमलष्करी दलात निवडला गेला, की त्याला साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. तो नमुना फिरत फिरत तालुक्याच्या पोलीस ठाण्यात येतो. हवालदार पोलीस पाटलाला विचारतो, मुलावर गुन्हा नाही ना, कुठल्या भानगडीत नाही ना, आणि शेरा मारून कागद परत जातो.

केंद्र सरकारचा हा नमुना कधी नीट वाचून पाहावा. आईवडील, नवरा-बायको, भाऊ-बहिणी यांचं राष्ट्रीयत्व आणि जन्मस्थान त्यात विचारलं आहे. मूळचे पाकिस्तानातले रहिवासी असाल तर तिथला पत्ता आणि भारतात आल्याची तारीख लिहायची. परदेशात, त्यात पाकिस्तानही धरून, वर्षाहून अधिक राहिला असाल तर तेही. मुलगा-मुलगी परदेशात शिकत किंवा राहत असतील तर तो तपशील वेगळा. ठाकर समाजाच्या पोराची सगळी सोयरीक माथेरानच्या पायथ्यापासून मुरबाड-इगतपुरीपर्यंत. तो या रकान्यांत ‘निरंक’ लिहून मोकळा होतो. पण हे रकाने आले कुठून? सरकारला आपल्या नोकराचे परदेशातले नातेवाईक इतके महत्त्वाचे कधीपासून वाटू लागले? या प्रश्नाचा माग काढत गेलं की स्वतंत्र भारताच्या भीतींचा एक छोटा इतिहासच हाती लागतो.

त्याचं बीज इंग्रजी अमलातलं आहे, आणि ते आपल्या घाटमाथ्यावरही रुजलं होतं. १९१४ च्या ऑगस्टपर्यंत मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज चालवणारे जेझुइट पाद्री इंग्रज सरकारच्या लेखी सन्माननीय शिक्षक होते. त्यांतले बहुतेक जर्मन. महायुद्ध पेटलं आणि हीच माणसं शत्रूची प्रजा ठरली. बऱ्याच जणांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली, काहींना खंडाळ्यात स्थानबद्ध केलं आणि पुढे मायदेशी धाडलं. त्याच संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर जर्मनच बोलत, त्याच संघाचे होते, पण जन्माने स्विस. त्यांना मुंबईत काम करता आलं आणि १९१९ मध्ये ते कॉलेजचे प्राचार्य झाले. माणूस काय करतो यापेक्षा तो कुठल्या दप्तरात नोंदला गेला आहे, हे सरकारला पाहायला सोपं जातं.

दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. परदेशी लोकांच्या नोंदणीचा कायदा १९३९ चा. अहमदनगर, देवळाली आणि पुढे पुरंदरच्या किल्ल्यावर जर्मन-इटालियन कुटुंबं ठेवली गेली. हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून मुंबईला आलेले ज्यूही सुरुवातीला ‘जर्मन’ म्हणूनच पकडले गेले. चौकशी समितीपुढे उभं राहून मग त्यांची सुटका झाली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा झाला. इंग्रज गेले, कायदा राहिला. अलीकडे २०२५ मध्ये नवा कायदा येईपर्यंत तो लागू होता.

फाळणीने मात्र प्रश्नच बदलून टाकला. तोवर परदेशी नातेवाईक म्हणजे गोरा जावई किंवा विलायतेत राहिलेला भाऊ. १५ ऑगस्ट १९४७ ला लाखो लोकांचे सख्खे भाऊ एका रात्रीत परदेशी झाले. सरकारी नोकरांना भारत की पाकिस्तान हे निवडण्याचा पर्याय दिला होता. ज्यांनी भारत निवडला, पण ज्यांचं निम्मं घर कराचीत किंवा लाहोरात राहिलं, त्यांच्याकडे वरिष्ठांच्या नजरा वळू लागल्या. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना आला, ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांत पासपोर्ट सुरू झाला. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाने १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यांचं नागरिकत्व नाकारलं. पुनर्वसनाचा परवाना घेऊन परतलेल्यांना तेवढा अपवाद. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुस्लिम घरांचं कराचीशी व्यापाराचं, बोटीवरच्या नोकरीचं आणि लग्नाचं जुनं नातं होतं. अशा घरातल्या मुलाला सरकारी नोकरीचा कागद भरताना चुलत्याचा पत्ता आठवून हात थबकला असेल, तर नवल नाही. नमुन्यातला पाकिस्तानचा रकाना त्या काळाचा आहे, आणि पाऊणशे वर्षांनंतरच्या पोरांनाही तो भरावा लागतो.

त्याच सुमारास सरकारने हातात आणखी एक हत्यार घेतलं. १९४९ मध्ये नागरी सेवा आणि रेल्वे सेवांसाठी राष्ट्रीय सुरक्षिततेचे नियम झाले. विध्वंसक कारवायांचा, किंवा तसं करणाऱ्यांशी संबंध असल्याचा वाजवी संशय आला तरी कर्मचाऱ्याला घरी पाठवता येईल, असा त्यांचा आशय. लक्ष्य होतं ते प्रामुख्याने कम्युनिस्ट कामगार संघटनांचं. बंगाल-नागपूर रेल्वेचे काही कर्मचारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५७ मध्ये हरले. घटनेतही अनुच्छेद ३११ मध्ये एक पोटकलम ठेवलं गेलं: राज्याच्या सुरक्षिततेच्या हितासाठी चौकशी करणं इष्ट नाही, अशी राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची खात्री झाली, तर चौकशीविना बडतर्फी. इथे कुटुंबाचा शब्दही नाही. पण ‘संबंध’ या शब्दात कुटुंब किती बसवायचं, हे वाचणाऱ्या अधिकाऱ्यावर सोडलेलं होतं.

या सगळ्या कोरड्या नियमांत एक लग्न लखकन उठून दिसतं. केरळच्या उझवूर गावचा एक दलित मुलगा टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला हॅरॉल्ड लास्की यांच्याकडे शिकायला गेला. त्याआधी तो मुंबईत टाइम्स ऑफ इंडियात पत्रकार होता. एप्रिल १९४५ मध्ये त्याने मुंबईतच गांधीजींची मुलाखत घेतली होती. लास्कींची शिफारस घेऊन तो नेहरूंना भेटला आणि १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाला. नेमणूक झाली रंगूनला. तिथे मा टिंट टिंट या ब्रह्मी तरुणीशी ओळख झाली आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. अडचण अशी की परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याने परदेशी व्यक्तीशी लग्न करणं नियमात बसत नव्हतं. प्रकरण नेहरूंकडे गेलं. नेहरूंनी खास बाब म्हणून परवानगी दिली, आणि ८ जून १९५१ ला दिल्लीत के. आर. नारायणन यांचं लग्न झालं. वधूने उषा हे नाव आणि भारताचं नागरिकत्व घेतलं.

इथे थोडं थांबायला हवं. ज्या नेहरूंनी ही परवानगी दिली, त्यांच्याच चुलतभावाच्या मुलाची, आयसीएस अधिकारी ब्रजकुमार नेहरू यांची पत्नी फोरी हंगेरीची ज्यू होती. त्यांचं लग्न १९३५ चं, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातलं. हेच ब्रजकुमार १९६१ पासून सात वर्षं वॉशिंग्टनमध्ये भारताचे राजदूत होते. नियम कागदावर एक असतो. कोणाला तो अडवतो आणि कोणाला वाट देतो, हे अर्ज कोणाच्या टेबलावर पोचला यावर ठरतं. नारायणन यांचा अर्ज थेट पंतप्रधानांच्या टेबलावर पोचला. एखाद्या कारकुनाने ब्रह्मी मुलीशी लग्न करायचं म्हटलं असतं, तर तो अर्ज कुठवर गेला असता? पुढे १९७६ मध्ये, दीड दशकाच्या खंडानंतर चीनला राजदूत पाठवायची वेळ आली, तेव्हा सरकारने हेच नारायणन निवडले. परदेशात जन्मलेली पत्नी त्या अत्यंत नाजूक जबाबदारीच्या आड आली नाही. १९९७ मध्ये ते राष्ट्रपती झाले.

नारायणन यांच्या लग्नाच्या सुमारास जगभर अणुबॉम्बच्या गुपितांनी सरकारांची झोप उडवली होती. इंग्लंडच्या हार्वेल प्रयोगशाळेतला जर्मन जन्माचा शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स १९४९ च्या शरदात सुरक्षा अधिकाऱ्याकडे आपण होऊन गेला. माझे वडील रशियाच्या ताब्यातल्या लाइपझिगला प्राध्यापक म्हणून जात आहेत, मी इथे राहणं योग्य आहे का, असं त्याने विचारलं. गुप्तचर खात्याला त्याच्यावरचा संशय रशियन तारा फोडून आधीच आला होता, पण ते सांगता येत नव्हतं. वडिलांचं निमित्त बरं सापडलं आणि त्या आडून चौकशी सुरू झाली. जानेवारी १९५० मध्ये त्याने कबुली दिली. वर्षानुवर्षं तो रशियाला माहिती देत होता. वडिलांसाठी नव्हे, स्वतःच्या कम्युनिस्ट निष्ठेपायी. तरी या काळापासून इंग्लंड-अमेरिकेत खोलवर तपासणीची पद्धत पक्की झाली आणि नातेवाइकांच्या पत्त्यांची चौकशी त्या तपासणीचा कायमचा भाग बनली. अमेरिकेत आयझेनहॉवर यांचा यासंबंधीचा आदेश एप्रिल १९५३ चा.

आपल्याकडे खरी परीक्षा १९६२ साली झाली, आणि ती एकाच वर्षात दोन उलट टोकांनी.

आधी गोवा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. तोवर मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक निवासांमध्ये, राहणारा खलाशी, रेल्वेतला गोमंतकीय कारकून, बँडमधला वादक, यांच्यातले कितीतरी जन्माने पोर्तुगालची प्रजा होते. १९५४ नंतर गोव्याची नाकेबंदी झाली तेव्हा गावी जायला परवाने लागत आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यातले आईवडील ही पोलिसांच्या दृष्टीने लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट होती. मार्च १९६२ मध्ये सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला: जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मला असेल, तो भारताचा नागरिक. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात तसं लिहून द्यावं. आजीच्या जन्मगावाने माणूस भारतीय झाला, तोही सरसकट, कोणाच्या निष्ठेची झडती न घेता.

सात महिन्यांनी आजी-आजोबांचा हाच निकष उलटा फिरवला गेला. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. त्या हिवाळ्यात निघालेल्या वटहुकमांनी आणि आदेशांनी परदेशी नागरिकांवरचे निर्बंध चिनी वंशाच्या भारतीय नागरिकांपर्यंत ओढले. शत्रुदेशाचं नागरिकत्व कधीकाळी आपल्या आईवडिलांचं किंवा आजीआजोबांचं होतं, एवढं कारण पुरेसं ठरलं. आसाम, दार्जिलिंग, कलकत्त्याकडची सुमारे तीन हजार माणसं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली गेली. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुलं होती, चीन कधीच न पाहिलेले दुकानदार आणि सुतार होते. आसामातून आलेल्यांनी आगगाडीत आठवडा काढला. काही जण १९६७ पर्यंत आत होते. त्यांच्या आठवणी जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांनी पुस्तकरूपाने आणल्या, पण तोवर २०२० साल उजाडलं होतं.

मुंबईच्या चिनी वस्तीवरही सावट आलं. माझगावात त्यांचं देऊळ आजही उभं आहे; भोवतीची वस्ती उरली नाही. बँक ऑफ चायनाची मुंबई शाखा बंद झाली, वर्ष संपता संपता चीनचा इथला वाणिज्य दूतावासही गेला. याच चीनशी जुळलेलं एक नातं इथे आठवतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केलं. मुलगा तीन-चार महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि महाराष्ट्राने डोळे पुसत तो पाहिला. १९६२ मध्ये हा मुलगा चीनमध्ये होता. तो आजोळी नव्हे, सोलापुरात वडिलांच्या घरी वाढत असता, तर आईच्या राष्ट्रीयत्वामुळे त्याची फाइल कुठल्या टेबलावर गेली असती, हे वाचकांनीच ठरवावं. ज्या नात्याचं एका दशकात कौतुक झालं, तेच नातं दुसऱ्या दशकात संशयाचं कारण ठरलं, आणि नात्यातल्या माणसांनी या दोन्हींच्या मध्ये काहीही केलं नव्हतं.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या रायगडचं आहे. अलिबाग, पेण, रोहा, पनवेलकडच्या गावांत शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली ज्यू, म्हणजे आपले शनवार तेली. इंग्रजी काळात त्यांची मुलं रेल्वे, टपाल, कस्टम्स आणि पलटणींत शिरली. अख्खा समाजच सरकारी नोकरीतला म्हटला तरी चालेल. १९४८ नंतर या घरांतली माणसं इस्रायलला जाऊ लागली आणि काही दशकांत बहुतेक समाज तिकडे गेला. भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० ला, पण राजदूतांची देवाणघेवाण जानेवारी १९९२ पर्यंत झाली नाही. मधली चाळीस वर्षं फक्त मुंबईत एक वाणिज्य दूतावास, तोही हातपाय बांधलेला; १९८२ मध्ये तिथल्या वाणिज्यदूताने एका मुलाखतीत भारत सरकारवर टीका केली तर त्याला देश सोडायला लावलं. म्हणजे ज्या देशाशी सरकार बोलायलाही तयार नव्हतं, त्या देशात या समाजाचे भाऊ-बहिणी राहत होते. तरीही पुण्याचे बेंजामिन अब्राहम सॅमसन नौदलात चढत गेले, १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय ताफ्याचे प्रमुख होते आणि पुढे माझगाव गोदीचे. देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ‘निलगिरी’ याच गोदीत १९६८ मध्ये पाण्यात उतरली. समाजाचे नातेवाईक कुठे राहतात यावरून सरकारने या अधिकाऱ्याला मोजलं नाही. मोजलं नाही कारण इस्रायलशी आपलं वैर नव्हतं, फक्त अबोला होता. हे औदार्य चिनी वंशाच्या सुताराच्या वाट्याला आलं नाही.

चीनच्या युद्धानंतर नियम लेखी आणि नेटके होत गेले. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांत तरतूद आली की परदेशी नागरिकाशी लग्न केलेल्या कर्मचाऱ्याने ते ताबडतोब सरकारला कळवावं. परवानगीची नव्हे, कळवण्याची अट. साध्या खात्यांत ती तेवढीच राहिली. परराष्ट्र सेवेचे नियम अधिक कडक होते, आणि त्यांचा जाच परदेशी लग्नापुरता नव्हता. १९६१ च्या त्या नियमांनुसार महिला अधिकाऱ्याला कोणाशीही लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी लागे, आणि लग्नानंतर संसार कामाच्या आड येतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येई. १९४९ मध्ये सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी, त्यांना बढती नाकारली गेल्यावर, न्यायालय गाठलं. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सरकारची चांगलीच खरडपट्टी काढली. निकाल येण्याआधीच सरकारने बढती देऊन टाकली होती आणि तो नियमही मागे घेतला होता.

या रकान्यांनी देशाची गुपितं राखली का? जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत कुमार नारायण प्रकरण फुटलं. मुंबईतल्या एका कंपनीचा हा दिल्लीतला प्रतिनिधी पंतप्रधानांच्या आणि राष्ट्रपतींच्या कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांकडून गोपनीय कागद मिळवत होता, आणि बदल्यात होती रोख रक्कम आणि दारूच्या बाटल्या. परदेशी सासुरवाडीचा त्यात काही संबंध नव्हता. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या संचालकाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. पाकिस्तानी हस्तकाच्या संपर्कात मोबाइलवरून आल्याचा आरोप आहे आणि त्याचा न्याय न्यायालय करील. सोयऱ्यांच्या रकान्यात हे कोणी पकडू शकलं नसतं.

म्हणून रकाना निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. परक्या देशात अडकलेल्या आईच्या जिवावर माणसाला वाकवता येतं, ही भीती खोटी नाही. सोव्हिएत गुप्तहेरांनी तसं केलेलं आहे. हरकत आहे ती निर्णयाच्या पद्धतीला. अमेरिकेत संरक्षण क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या मराठी अभियंत्यालाही पुण्यातल्या आईवडिलांची आणि गावच्या जमिनीची माहिती लांबलचक अर्जात द्यावी लागते. पण तिथे नकार आला तर कारणं लेखी मिळतात, अपील करता येतं, आणि तिथल्या संरक्षण खात्याचे असे निर्णय नावं वगळून प्रसिद्ध होतात. नातेवाईक कोण, देश कोणता, संबंध किती घट्ट, सगळं तोलून पाहायचं असा तिथला लेखी दंडक आहे. आपल्याकडे शेरा ठाण्यातून जातो आणि उमेदवाराला बहुधा फक्त निकाल कळतो.

आता वाडीवस्तीवरच्या घरांतही आखातात गेलेला एखादा मेहुणा निघू शकतो. म्हणून नमुना भरणाऱ्या मुलामुलींना एकच सांगणं: काही लपवू नका. पडताळणीत गुन्हा दडवण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात माहिती खरी आणि पूर्ण असली पाहिजे, असं बजावलं आहे. दडवलेल्या गोष्टीचं गांभीर्य नोकरी देणाऱ्याने तपासावं, असंही न्यायालय म्हणतं, पण तिथवर पोचायला वर्षं जातात. बहीण दुबईत असेल तर ‘दुबई’ लिहा, पत्ता लिहा, आणि भरलेल्या नमुन्याची एक झेरॉक्स घरी ठेवा.